लाटी

कूलरची घरघर मीटिंगमध्ये ऐकू जाते,
म्हणून माझी बोलायची पाळी आली की तो बंद करतो
आणि पारोळ्याचं चव्वेचाळीस डिग्री ऊन
पत्र्यातून उतरून थेट मांडीवर येऊन बसतं.

टेबल म्हणजे वडिलांचं शिवणयंत्र.
दुकानाला कुलूप लागलं तेव्हा घरी आणलेलं.
फळीवर लॅपटॉप, खाली पायटा;
कॉल लांबला की पाय आपोआप चालू लागतात,
सुई काढलेलं यंत्र हवेत काहीतरी शिवत राहतं.
वडील खाटेवरून बघतात. बोलत नाहीत.
जूनच्या गणवेशांचं निळं कापड
त्यांच्या उशाला, ठाणाचं ठाण, तसंच.

पाठीमागे धान्याची कोठी आहे.
पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, तो बॉयलर आहे का?
दुसऱ्या दिवशी मी चादर टांगली.
चादरीवर मोर आहेत हे आठवड्यानं कळलं,
तोवर सगळी टीम त्यांना ओळखत होती.

दुपारी दोनला लाईट जाते.
मग जिन्याची सातवी पायरी,
तिथेच काय ती रेंज.
सहावीवर आवाज तुटतो, आठवीवर ऊन.
सातवीवरून दिसतं:
आमच्या गच्चीवर आई, पलीकडच्या गच्चीवर कोकिळाबाई,
मधे कमरेइतकी भिंत.
आई पिठाला मुसळाखाली घेते, दोऱ्यानं लाट्या कापते,
सूप भिंतीवर ठेवते, दोन पावलं मागे सरते.
मग कोकिळाबाई पुढे येतात, सूप उचलतात,
त्यांच्या सावलीत बसून लाटतात.
तोंडाला पदर, तरी दोघींचं बोलणं थांबत नाही.
एकदा माइक सुरू राहिला
आणि बंगळुरूच्या साहेबांनी
कोकिळाबाईंच्या सुनेबद्दल सगळं ऐकलं.
कळलं काहीच नसणार. तरी म्हणाले, इंटरेस्टिंग.

त्या बुधवारी शीट आलं.
सत्तावीस ओळी.
शेवटचा रकाना मला भरायचा होता,
फक्त तारीख, म्हणाले,
पत्रं सहा वाजता आपोआप जातील.
मी पगाराचं काम करतो. तारखा भरणं माझ्या हाताचा मळ.
अठरा ओळी सहज उतरल्या.
एकोणिसावी: गोडांबे, तुषार.

मार्चात यानंच मला शिवाजीनगरला सोडलं,
माझी बॅग स्वतःच्या दोन पायांत धरून,
हेल्मेटच्या आतून ओरडत,
पंधरा दिवसांनी येतोस, येताना पापड आण.

मी पायरी बदलली.
सहावीवर उतरलो, रेंज गेली.
शीट सेव्ह होत नव्हतं, चक्र फिरत राहिलं,
तेवढ्यापुरतं कुणाचं काहीच झालेलं नव्हतं.
मग सातवी.

पाच वाजता तुषारचा मेसेज: झाले का रे पापड?
मी लिहिलं, वाळत आहेत. खोडलं.
लिहिलं, तुला फोन करतो. खोडलं.
त्याला दिसत असणार,
मी लिहितोय, थांबतोय, लिहितोय.

वरून आई उतरली, हाताला पीठ,
वाटीत तेल, तेलात बुडवलेली लाटी.
"कोनसंगे बोली ऱ्हायना?"
कोणाशीच नाही.
"मंग खाई ले, वाळी जाई."

उडदाचं पीठ दातांना धरून बसतं,
तिखट उशिरा लागतं, घशात.
खरं सांगायचं तर
लाटी फार चांगली झाली होती.
मी अजून एक मागितली.

सहाला लाईट आली, कूलर सुरू झाला.
मी लॅपटॉप उघडला नाही, पण बसलो तिथेच.
पाय चालू झाले असावेत,
कारण वडील खाटेवर उठून बसले,
बराच वेळ यंत्राकडे पाहून म्हणाले,
"दोरा नही शे त्याम्हा."
आणि निळ्या ठाणाची घडी
पुन्हा एकदा नीट केली.