कोर्स अर्धवट सोडू नये

कोर्टनाक्याला, भिंतीला पाठ लावून
वेखंडे टायपिस्ट बसतात. छत्रीला दोरी, दोरीला वीट.
गॅपचा मजकूर त्यांच्याकडे तयारच असतो,
नाव तेवढं बदलायचं:
'सदर कालावधीत मी घरीच होते.
अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही.'

घरीच नव्हते, म्हटलं.
त्यांची बोटं थांबली. मग कुठं होतीस?

कुठं होते.
गुणपत्रिका मांडीवर, प्लास्टिकच्या पिशवीत.
तिसऱ्या सत्रात चार विषयांपुढं एबी,
पाचव्यात दोन.
कॉलेजनं माझा रक्तगट लिहून ठेवावा तसं.

तिसऱ्याचं सांगता येतं.
वागळे इस्टेटला, बावीस नंबर रोडवर
पॉवर प्रेसनं आबांची तीन बोटं घेतली.
कळव्याच्या हॉस्पिटलात उशाशी बसून
मी सलाईनचे थेंब मोजत होते,
आणि तिकडं परीक्षेच्या वर्गात कुणीतरी
माझ्या बाकावर उत्तरपत्रिका ठेवत होतं,
अर्ध्या तासानं उचलून नेत होतं.
याला कागद आहे. डिस्चार्ज कार्ड, शिक्का, सही.

पाचव्याला कागद नाही.
पाचव्यात कुणाची बोटं गेली नाहीत.
हॉल तिकीट होतं, पेनं दोन होती,
सेंद्रिय रसायनाची वही बेंझिनपर्यंत पाठ होती.
जिन्याच्या सातव्या पायरीवरून मी वळले
आणि तलावपाळीवर जाऊन
दुपारभर पायडलच्या होड्या बघत बसले.
का, ते आबांनी विचारलं नाही.
उरलेल्या बोटांनी फक्त ताट पुढं सरकवलं.

तेव्हापासून राबोडीत, नफीसा मुकरींच्या दुकानात.
भिंतीवर त्यांचं रजिस्ट्रेशन, काचेत,
खाली मी, बिनकाचेची.
डॉक्टरांचं अक्षर लावायला त्यांनी शिकवलं.
आधी आकडा बघ, मग नाव.
शंका आली तर फोन कर, लाजू नकोस.
लाजेनं माणसं मरतात.

अँटिबायोटिकची पट्टी कापून देताना
दिवसातून वीसदा मी सांगते,
बरं वाटलं तरी कोर्स अर्धवट सोडू नका.
नफीसाबाई तेव्हा बिलबुकातून मान वर करत नाहीत.
त्यांचं ते न बघणं
पहिल्या महिन्यात मला टोचायचं.

गेल्या श्रावणात एक रंगारी आला,
भुवयांवर डिस्टेंपर.
प्रेशरची गोळी दोन दिवस विसरलो,
आज तीन घेऊ का एकदम?
नाही, म्हटलं. गेलेल्या गेल्या.
आजची आज घ्या, उद्याची उद्या.
तो सुट्टे मोजून निघून गेला.
वाक्य काउंटरवरच राहिलं.
शटर ओढेपर्यंत ते कुणी उचललं नाही,
मग मीच उचललं.

सीईटी दिली. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी
मला ताई म्हणाली, रबर मागताना.
बी. फार्म.च्या फॉर्ममध्ये एक चौकोन आहे,
खंड असल्यास कारण.
चौकोन एवढासाच. त्यात आबांचा हात मावतो,
जिना मावत नाही.

तर वेखंडेकाका, 'घरीच' खोडा.
लिहा, औषधाच्या दुकानात होते,
पगार सात हजार, रविवारी अर्धा दिवस.
तिसऱ्या सत्राचं कारण, वडिलांचा अपघात.
पाचव्याचं?
ते चष्मा वर करतात. 'वैयक्तिक' टाकू? सगळे टाकतात.

नको. लिहा, भीती.

स्टँप पेपरवर भीती बसत नाही गं.
बसेल, म्हटलं. दोनच अक्षरं आहेत.

मशीन जुनं. त्यांचा 'भ' जरा वर उडतो,
ओळ सोडून.
टायपिंगचे पन्नास.
नोटरीच्या रांगेत माझ्यापुढं सात जण आहेत
आणि दुकान चारला उघडतं.