आधी लोखंडाला हात लाव

उणे एकतीस. उलानबातर.
माझ्या गाळ्याच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फाची साय.
पागमादुलम आली दोनशे साठ किलोमीटर बसनं,
मांडीवर लॅपटॉप, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला,
अवेळी जन्मलेलं करडू रात्री घरात घेतात तसा.
गोबीच्या कडेला तिचं हवामान केंद्र:
एक खोली, एक खांब,
खांबावर वारा मोजणारी चार वाट्यांची भिरभिरी.

"तीन पोर्ट आहेत," ती म्हणाली, "एकही ओळख देत नाही.
नऊ वर्षं रोज सकाळी सातला मी नोंदयंत्र आणून जोडते.
रोजच्या माणसाशी असं वागतं का कुणी?"

केबल बदललीस?
बदलली.
बंद करून चालू केलास?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी विचारलं होतं, सकाळी डोळे उघडलेस का.

टॉर्च दातात धरून मी आत डोकावले.
लाकडी काडीनं काढला
उंटाच्या लोकरीचा एक केस, तांबूस, वेटोळं घातलेला.
वाटलं, सुटलं कोडं.
सुटलं नव्हतं.

मग उपकरणांची यादी उघडली.
म्हटलं, लपलेलीही दाखव.
फिकट अक्षरांत उठून आले
नऊ वर्षांतले सगळे येऊन गेलेले:
कुणा कोरियन संशोधकाचा कॅमेरा, दोन दिवसांचा,
अकरा पेनड्राइव्ह, त्यातले सात एकाच नावाचे,
एक प्रिंटर, जो केंद्रात कधी नव्हताच असं ती शपथेवर सांगते,
आणि दाम्दिनसुरेनचा फोन.
मी काही विचारलं नाही.
ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.
"तो आधी पुस," म्हणाली.

पुसला. सगळेच पुसले.
वीज वाचवण्यासाठी पोर्ट परस्पर मिटायची जी मुभा यंत्राला होती
तीही काढून घेतली.
ड्रायव्हर नव्यानं घातले.
नोंदयंत्र जोडलं.
शांतता.
'अनोळखी उपकरण' एवढा शेरासुद्धा नाही.
अनोळखी म्हणायला तरी
कुणी आलंय हे आधी कळावं लागतं.

मी हात टेकायच्या बेतात.
ती चहाच्या किटलीकडे वळली, बोट पुढे केलं, आणि
चट्!
निळी ठिणगी, तांदळाच्या दाण्याएवढी.
"हिवाळाभर हे असंच," ती बोट चोखत म्हणाली.
"दार, चमचा, कुत्रा. सगळ्यांना चटका."

तिचा डील उंटाच्या लोकरीचा. पायात फेल्टचे मोजे.
हवा अशी कोरडी की ओठ बोलताना तडकतात.
रोज सात वाजता, बाहेरून आत,
हातात नोंदयंत्र, अंगभर साठलेली वीज,
आणि पहिला स्पर्श या बिचाऱ्याला.
किती दिवस सोसलं असेल त्यानं.
मग एके सकाळी मिटून घेतलं.

चार्जर काढला. बॅटरी काढली.
चालू करायचं बटण दाबून धरलं.
आत कुठे कुठे अडकून राहिलेलं निथळून जाऊ दे म्हणून
तीस आकडे मोजले, मोठ्यानं.
एकविसाव्या आकड्याला तीही मोजायला लागली.

दोन पोर्ट उठले.
तिसरा गेला तो गेलाच; त्यावर मी चिकटपट्टी लावली.
पडद्यावर अकरा दिवसांची तुंबलेली थंडी उतरू लागली:
उणे चौतीस, उणे छत्तीस, वारा ईशान्येचा,
पुन्हा उणे छत्तीस.
ती एकेक आकडा वाचून मान डोलवत राहिली.
त्या प्रत्येक सकाळी ती तिथे उभी होती;
तिला ठाऊकच होतं सगळं.

पैसे दिले, वर पिशवीभर आरूल, दगडासारखं.
मी बजावलं: आधी लोखंडाला हात लाव.
धुराड्याला नको, ते तापलेलं असतं. दाराच्या कडीला.
मग यंत्राला.
"आणि कुत्र्याला?"
त्यालाही नंतरच.

बस सुटेपर्यंत थांबले. परत आले,
गाळ्याच्या कडीला मुद्दाम उघडं बोट लावलं.
काहीच झालं नाही.
दिवसभर याच्या-त्याच्या हाती
थोडं थोडं देऊन झालं असणार.