बनियन

तहसीन मुलाणी म्हणाली, काकू,
बांधाजवळची नको, विहिरीजवळची नको,
उकिरड्याच्या कडेची नको, झाडाखालची तर नकोच.
मग उरलं काय?
तुम्ही रोज वाकता तिथली, ती म्हणाली.

पाचट जाळून काळ्या पडलेल्या वावरात
आम्ही दोघी नागमोडी चाललो.
नऊ ठिकाणी वीत वीत खड्डा,
खड्ड्याच्या कडेची माती खुरप्याने तासून घमेल्यात.
गोणपाटावर ढीग. ढिगाचे चार वाटे.
समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले कालवायचे,
पुन्हा चार वाटे.
आमच्या घरच्या वाटणीत एवढा सारखेपणा नव्हता.
अर्धा किलो राहिली ती कापडी पिशवीत.
चिठ्ठीवर गट नंबर, नानगाव, तालुका दौंड,
आणि माझं नाव.
सातबाऱ्यावर नाही, पण चिठ्ठीवर माझं.

पिशवी पुण्याला गेली.
कागद येईल तेव्हा येईल, तहसीन म्हणाली,
तोवर एखादं सुती कापड पुरून ठेवा.
मी ह्यांचे दोन बनियन काढले,
सारखेच पिवळे, काखेत सारखेच विरलेले.
एक खोडव्याच्या सरीत.
दुसरा मुद्दाम तिनं नको म्हटलेल्या जागी,
बांधावर, करंजाखाली,
जिथून नांगर माघारी वळतो.

ह्यांनी खुंटी चाचपली, मला विचारलं.
तपासणीला गेलेत, म्हटलं.

कागद आला.
सामू आठ पूर्णांक सहा,
सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक तीन चार.
ह्यांनी घडी घालून टीव्हीमागे खोचला.
आकडे काय, कुणीही लिहितं.

दोन महिन्यांनी करंजाखाली उकरलं तर
नुसती शिवण, आणि मानेवरचं कंपनीचं लेबल.
शिवणीतून एक गांडूळ निघालं,
सुईत ओवल्यासारखं.
सरीतला मात्र अख्खा.
झटकला, हौदावर धुतला, वाळत घातला.

संध्याकाळी अंगात घालता घालता म्हणाले,
सापडला वाटतं. कुठं होता?
खालच्या वावरात. दोन महिने, मातीत.
हसले.
मग पोटावरचं कापड चिमटीत धरून ओढून पाहिलं.
पुन्हा ओढलं, जरा जोरात.
फाटलं नाही.

वरच्या वावराचं पाचट दुसऱ्या दिवशी पेटवायचं होतं.
सकाळी ते गेले, तेव्हा
काडीपेटी चुलीजवळच होती.