सांधे

एकोणीस दिवस नळीनं श्वास घेतला हेल्दुरनं,
तेवढ्यात मांड्या कुणी तासून नेल्या.
होड्या बांधणारा माणूस; रंधा त्याला ठाऊक,
पण स्वतःवर फिरलेला पहिल्यांदाच.

तार्तूच्या वॉर्डाबाहेर नदी गोठलेली.
मारिका म्हणते, ऊठ खुर्चीतून, हात न टेकता.
काल दीड वेळा.
ते अर्धंही तिनं वहीत लिहिलंय.

ताकात कालवलेलं भाजक्या धान्याचं पीठ,
त्यात लेकीनं गुपचूप फेटलेलं अंडं.
चमचा जड. सगळं पितळेसारखं लागतं.
तरी गिळतो, फळ्यांच्या फटीत डांबर भरावं तसं,
दाबून.

आज दोनदा.
तिसऱ्यांदा गुडघे लटपटले,
तरी बसला नाही लगेच.
मान वळवून खुर्चीकडे बघत राहिला.
सांधे कुणी बसवले हिचे, म्हणाला,
हलतायत.