कासारांच्या गिरणीवर

बाजाराच्या दिवशी चोपड्याला उतरले
तेव्हा पिशवीत तीन कागद होते
आणि तिन्हींवर तीन बाया.
रेशन कार्डावर सुपडाबाई,
बँकेच्या पुस्तकात सुबडीबाई,
आधारवर तर मी सुभद्रा झालेले.
कोण्या पोरानं मशीनपुढं बसवून
न विचारता शिकलेलं नाव दिलं.
आवडलं होतं मला ते, खोटं कशाला सांगू.
पण सुभद्रेचे पैसे सुबडीला मिळेनात
आणि जेवायचं होतं सुपडीला.

अंगठाही लागत नव्हता.
चाळीस वर्षं केळीचा चीक
घासून घासून काढला,
त्याच्याबरोबर रेषा गेल्या.
मशीन तांबडं व्हायचं,
बँकेतला पोरगा म्हणायचा, पुढच्या वेळी धुऊन या.

तहसीलसमोर छत्रीखाली बसणारा
चारशे म्हणाला, वरून चहा.
माझ्याकडं परतीच्या तिकिटाचे होते
आणि फडक्यात बांधलेल्या सात बिबड्या.
बांगड्यावालीनं ऐकलं असावं.
हातातला चुडा न थांबवता म्हणाली,
"कासारनी गिरणीवर जाय ना माय.
पैसा लागत नही."

पैसा लागत नाही म्हटल्यावर
मला जास्तच भीती वाटली.

वर एक खोली. एक टेबल, तीन खुर्च्या,
फॉर्मांच्या गठ्ठ्यावर दळणाची पिठी.
खाली पट्टा फिरला की टेबल थरथरतं,
म्हणून लिहायचं ते गिरणी थांबल्यावर.
मध्ये नुसतं बसायचं.
त्या बसण्यातच रोशनबी तडवीनं विचारलं,
"बठ. पानी पे. तुन्हं नाव काय शे?"

मी तिन्ही कागद पुढं केले.
तिनं ते उलटे ठेवले.
"कागदनं नही. तुन्हं."

मग सांगितलं.
माझ्याआधीची तीन गेली पाळण्यातच.
मी झाले तेव्हा आजीनं सुपात घातलं,
उंबऱ्यावरून ओढत नेलं उकिरड्यापर्यंत,
म्हणजे मरणाला वाटावं, टाकूनच दिलीय,
हिला काय न्यायचं.
म्हणून सुपडी.
त्या नावावर मी एवढी वर्षं जगले
आणि ते एका टायपिंगमध्ये गेलं.

रिटायर तलाठी आनंदा बापू कोपऱ्यात चष्मा पुसत होते.
म्हणाले, हे प्रतिज्ञापत्रात बसणार नाही, बाई.
पण लगेच लिहायला घेतलं नाही त्यांनी.
गिरणी केव्हाच थांबली होती.

मग लिहिलं, वाचून दाखवलं,
वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.
मला हसू आलं.
एवढ्या बाया, आन् भाकर एकीचीच.
रोशनबी इतकी हसली
की तिच्या हातून शिक्का वाकडा पडला.
तो कागद पुन्हा करावा लागला.

बिबड्या कुणी घेईनात.
नियम आहे म्हणे.
मी म्हटलं, नियम कागदाला, बिबडीला कुठला?
शेवटी एकीचे तुकडे करून तिघांनी खाल्ली,
बापूंनी पावतीसारखी जपून, कडेकडेनं.

पैसे विचाराल तर अजून आले नाहीत.
दोन महिन्यांचे आले आणि परत गेले,
का गेले ते बँकही सांगत नाही.
मी पुन्हा वर चढले.
बापू म्हणाले, आता जळगावला लिहू.
लिहू म्हणाले.
आजवर सगळ्यांनी मला लिहा म्हटलं होतं.

परवा स्टँडवर एक बाई दिसली.
पिशवी छातीशी धरलेली,
त्याच छत्रीकडं निघालेली.
तिचं नाव मी विचारलं नाही,
ते वर विचारतील.
तिला गिरणी दाखवली, जिना दाखवला
आणि मागून ओरडून सांगितलं,
सातवी पायरी हालस,
तेवढी सांभाळ.