हातचा

नोव्हेंबर. चारलाच ओलेसुंडच्या बंदरावर दिवे लागतात
आणि आमच्या खारवलेल्या कॉडच्या कंपनीत
पुढचं वर्ष उघडतं:
चौतीस पानांची एक फाईल,
नाव, बजेट_अंतिम_खरंच_अंतिम_आता_पुरे.

फाईल माझी नाही. आइलिफची.
तो मार्चमध्ये गेला.
वारशात मला ही शीट मिळाली
आणि त्याच्या पाठीने खोलगट झालेली खुर्ची.

विक्रीतल्या टुरिडकडे हीच फाईल आहे,
पण तिचा युरो माझ्या युरोहून महाग.
गोदामात ओड्वारकडेही हीच,
त्यात डिझेल अजून दोन वर्षांमागचं.
तीन घड्याळं, तीन वेळा,
मीटिंग मात्र बरोबर नवाला.

साहेब सहज विचारतात, कॉफी ढवळत,
"कोटा पाव भागाने घटला तर?"
मी एक आकडा बदलते.
एकच.
पंखा घरघरतो, पडदा पांढरा पडतो,
मग पानामागून पान उठतं बोंब मारत:
संदर्भ नाही, संदर्भ नाही, संदर्भ नाही.

रात्री लपवलेले रकाने उघडत बसले.
चारशे बाराव्या ओळीत
एका लांबलचक सूत्राच्या शेपटाला
नुसतं + ३८.
ना टीप, ना तारीख.
काढलं तर फेब्रुवारीचे पगार कोलमडतात.
ठेवलं तर ऑडिटर विचारणार, हे कोण?

बर्गलियोतला फोन केला, त्याच्या बायकोला.
ती बराच वेळ गप्प. मागे किटली शिट्टी घालत होती.
"अडतीस? दिवस असतील ते.
एका जानेवारीत वादळानं वाळवणघराचं छप्पर नेलं.
अडतीस दिवस मासा ओलाच.
तेव्हापासून तो तेवढा हातचा धरायचा.
म्हणायचा, वारा काही अंदाजपत्रक वाचत नाही."

शाळेत हातचा वर लिहायचो आम्ही,
बारीक, पेन्सिलीने,
बेरीज जमली की खोडून टाकायचो.
आइलिफनं खोडला नाही.
कशाचा, ते मात्र
एवढ्या हजारो चौकटींत कुठेच लिहिलं नाही.

मी शेजारच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं, वारा.
सेव्ह केलं.
खालच्या बेरजेनं त्याला
शून्य धरलं.