दहा लाख नऊ

मुळ्येकाकांची बीट माझ्याकडे आली तेव्हा
सोबत रबरबँड गुंडाळलेला टॉर्च आला
आणि एक डायरी.
रामबाग, नारायण बाग, मागची गल्ली.
कुठला कुत्रा चावतो, कुठल्या जिन्याला कठडा नाही,
कोण आपल्याला बघताच कूलर बंद करतं,
सगळं हिंदीत, साहेबांना वाचता यावं म्हणून.
फक्त गणित मराठीत.

दातारांच्या बोळात, जिन्याखाली, काळा जुना मीटर.
त्याचं रीडिंग नव्हे,
पत्र्यावर ठोकलेला नंबर:
एक, मग पाच शून्यं, मग नऊ.
खाली काकांचं बारीक अक्षर,
‘ह्याला कोणी भागतं का बघू.’

सम नाही. पाचाच्या पाढ्यात नाही.
अंकांची बेरीज दहा, म्हणजे तीनही परत गेले.
सातानं तीन उरवले, तेरानं दहा.
सतरा, एकोणीस, त्रेचाळीस
अगदी उंबऱ्यापर्यंत आले,
आणि तिघांनाही एकेकच उरला,
पंगत बसल्यावर एक पाहुणा जास्त निघावा तसा.

रोज एकच भागाकार,
जेल रोडच्या टपरीवर, चहा गार होईतो.
पानांवर बशीचे गोल आहेत,
एका ठिकाणी जिरावण सांडलंय.
एकसष्टावा भाजक दोनशे त्र्याऐंशी,
बाकी एकशे सत्तर.
त्यापुढे कोरं.

रविवारी मी बसले.
पुढची मूळ संख्या दोनशे त्र्याण्णव.
तीन हजार चारशे तेरा वेळा गेली
आणि खाली काही राहिलं नाही.
पुन्हा केला.
खाली काही राहिलं नाही.
एक चहा, काका. फक्त एक चहा अजून.

छत्रीबागेत त्यांच्याकडे गेले.
डावा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.
सांगायला गेले होते, विचारून बसले,
मधेच का सोडलंत?
म्हणाले, ‘अगं, दातारांचा मीटर काढून नेला ना.
भिंतीवर नंबरच नाही, तर भागायचं कुणाला?’
आणि हसले, अर्ध्या तोंडानं.

घरी येऊन डायरी उलटी धरली
तेव्हा समासात आडवं दिसलं:
हजाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग.
त्याखाली, वेगळ्या शाईत,
नऊशे बहात्तरचा अधिक दोनशे पस्तीसचा.
दोन्हींची बेरीज तीच, दहा लाख नऊ.
आणि एक टिंब, जोरानं दाबलेलं, पलीकडच्या पानावर उमटलेलं.

मूळ संख्येला हे दोनदा जमत नाही.
म्हणजे ती तुटते हे त्यांना ठाऊक होतं.
कुठे तुटते
ते त्यांनी पाहिलं नाही,
की मला पाहू दिलं, कोण जाणे.

दातारांकडे आता स्मार्ट मीटर आहे.
रीडिंगला कुणी जात नाही, मीही नाही.
तक्रार आली म्हणून परवा गेले,
सवयीनं आधी नंबर बघितला.
लांबलचक आहे. शेवटी पाच.
जिन्यावरूनच कळतं.